जावामध्ये अपाचे स्पार्कची सुरुवात: कोणती ओळ कुठल्या मशीनवर चालते?

जावा नीट येते, मेव्हन हाताखालचं आहे, डेटाबेसवर काही वर्षं काम झालंय आणि आता टीममध्ये ठरलंय की रात्रीचा मोठा हिशेब स्पार्कवर न्यायचा. हा लेख अशा माणसासाठी आहे. स्पार्क म्हणजे मोठ्या डेटावरचं काम अनेक मशीनवर वाटून करणारी प्रणाली. स्पार्कचे बहुतेक धडे पायथॉनमध्ये असतात आणि जावावाला जिथे अडतो ती जागा त्यांत येतच नाही. जावात आपण ऑब्जेक्ट बनवतो, त्याच्या फील्डमध्ये काहीतरी साठवतो, मेथड ते बदलते. हे सगळं एकाच मेमरीत घडतं हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्याचा वेगळा विचार कोणी करत नाही. स्पार्कमध्ये मात्र एकाच मेथडमधल्या लागोपाठच्या दोन ओळी दोन वेगळ्या मशीनवर चालू शकतात. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की बाकीचं कागदपत्रं वाचून जमतं.

क्लास, कमांड आणि सेटिंग यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना ती अर्थातच रोमनमध्ये करायची.

गरज आहे का?

स्पार्क २००९ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मातेई झहारिया यांच्या संशोधनातून सुरू झाला. त्या वेळी असंच काम वाटून करणारं हडूपचं मॅपरिड्यूस जोरात होतं, पण ते प्रत्येक टप्प्यानंतर निकाल डिस्कवर लिहायचं. तोच डेटा पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या कामांना त्यात फार वेळ लागायचा. स्पार्कने मधला डेटा मेमरीत धरून ठेवायची सोय केली. २०१३ मध्ये तो अपाचेकडे गेला आणि २०१४ मध्ये तिथला मुख्य प्रकल्प झाला. तो मुळात स्काला भाषेत लिहिलेला असला तरी जेव्हीएमवर चालतो, त्यामुळे जावातून वापरताना मध्ये कुठला दुभाषी लागत नाही.

इतकं असूनही दोन-चार जीबीच्या सीएसव्हीसाठी स्पार्क घेऊ नका. तेवढं काम पोस्टग्रेस किंवा साधा जावा प्रोग्राम निमूटपणे करतो, आणि स्पार्कला नुसतं उभं राहायलाच काही सेकंद लागतात. डेटा एका मशीनच्या मेमरीत मावत नाही, किंवा मावला तरी एका मशीनवर हिशेब सकाळपर्यंत संपत नाही, तेव्हा याकडे वळायचं. शिकायला मात्र लॅपटॉप पुरतो.

आधी चित्र

तुमचा मेन मेथड जिथे चालतो ती प्रोसेस म्हणजे ड्रायव्हर. ती काम आखते आणि वाटून देते. प्रत्यक्ष हमाली एक्झिक्युटर करतात. त्या स्वतंत्र जेव्हीएम असतात आणि बहुधा दुसऱ्या मशीनवर असतात. डेटाचे तुकडे पाडले जातात, एका तुकड्याला पार्टिशन म्हणतात, आणि एका पार्टिशनवरचं एक काम म्हणजे टास्क. या सगळ्या मशीनचा समूह म्हणजे क्लस्टर, आणि कोणत्या मशीनवर किती जागा द्यायची हे क्लस्टर मॅनेजर बघतो. तो स्पार्कचा स्वतःचा असू शकतो, हडूपचा यार्न असू शकतो किंवा कुबरनेटिस.

आणखी एक शब्द लागेल: शफल. एकाच शेतमालाच्या ओळी दहा पार्टिशनमध्ये विखुरल्या असतील आणि त्यांची बेरीज हवी असेल, तर त्या नेटवर्कवरून एका ठिकाणी आणाव्या लागतात. त्या हलवाहलवीला शफल म्हणतात. स्पार्कचं काम हळू का चाललंय याचा शोध बहुतेक वेळा तिथेच संपतो.

मांडणी

जावा १७ घ्या. स्पार्क ३.५ जावा ८, ११ आणि १७ वर चालतो, तर २०२५ मध्ये आलेल्या ४.० ला जावा १७ किंवा २१ लागते. म्हणजे १७ घेतली की दोन्हीकडे निभावतं. स्पार्कच्या अधिकृत साइटवरून हडूपसकट तयार बांधलेलं पॅकेज उतरवा आणि एखाद्या फोल्डरमध्ये मोकळं करा. जावा-होम आणि स्पार्क-होम ही दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावा. मग बिन फोल्डरमधल्या रन-एक्झाम्पलला स्पार्कपाय हे नाव आणि १० हा आकडा देऊन चालवा. लॉगच्या गर्दीत पायची अंदाजे किंमत छापलेली दिसली की मांडणी ठीक आहे.

विंडोजवर असाल तर माझा सल्ला सरळ आहे: डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) वापरा. थेट विंडोजवर विनयुटिल्स नावाची वेगळी फाइल शोधून बसवावी लागते, आणि त्या खटपटीतून स्पार्कबद्दल काहीच शिकायला मिळत नाही.

आता मेव्हन प्रोजेक्ट. डिपेंडन्सी एकच पुरते: अपाचे स्पार्क ग्रुपमधली स्पार्क-एसक्यूएल. तिच्या नावाला अंडरस्कोर देऊन २.१२ किंवा २.१३ असा आकडा जोडलेला असतो. ती स्कालाची आवृत्ती आहे, स्पार्कची नाही. स्पार्क ४ साठी फक्त २.१३ चालते. डिपेंडन्सीमधली आणि क्लस्टरवरची स्काला आवृत्ती जुळली नाही तर ‘नो सच मेथड’ची विचित्र एरर येते आणि माणूस तासन्‌तास स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधत राहतो. डिपेंडन्सीचा स्कोप ‘प्रोव्हायडेड’ ठेवा, कारण क्लस्टरवर स्पार्क आधीच असतो आणि त्याच्या जार तुमच्या जारमध्ये कोंबायची गरज नसते. फक्त इंटेलिजेमधून चालवताना रन सेटिंगमध्ये ‘प्रोव्हायडेड’ डिपेंडन्सीही क्लासपाथवर घ्यायची खूण करावी लागते, नाहीतर क्लास सापडत नाही म्हणून कुरकुर होते.

आयडीईतून पहिल्यांदा चालवल्यावर ‘इल्लीगल ॲक्सेस एरर’ आली आणि त्यात ‘सन डॉट एनआयओ डॉट सीएच’ दिसलं, तर ती जावाच्या मॉड्यूल बंधनांची बाब आहे. जेव्हीएम ऑप्शनमध्ये ‘ॲड-ओपन्स’ वापरून ते पॅकेज खुलं करा. स्पार्क-सबमिटने (तुमची जार चालवायला देण्याची स्पार्कची कमांड) चालवताना हे आपोआप होतं.

पहिला प्रोग्राम: बाजारभाव

शब्द मोजायचा नेहमीचा नमुना प्रोग्राम मी सोडून देतो. त्यातून शब्द मोजण्यापलीकडे फार काही कळत नाही. त्याऐवजी बाजार समित्यांचे रोजचे भाव घ्या. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ आणि केंद्राचं ॲगमार्कनेट हे दोघंही ते प्रसिद्ध करतात. सरावासाठी सीएसव्हीमध्ये सहा कॉलम ठेवा: तारीख, बाजार समिती, शेतमाल, आवक क्विंटलमध्ये, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. डेटा कमी वाटला तर तीच फाइल वेगवेगळ्या नावांनी पुष्कळ वेळा एका फोल्डरमध्ये टाका. स्पार्कला फाइलऐवजी फोल्डरचा पत्ता दिला तरी तो आतलं सगळं वाचतो.

सुरुवात स्पार्कसेशनने होते. बिल्डर घ्या, ॲपनेम द्या, गेट-ऑर-क्रिएट म्हणा. अनेक उदाहरणांत इथेच मास्टर, म्हणजे काम कुठे चालवायचं तो पत्ता, म्हणून ‘लोकल’ आणि चौकोनी कंसात तारा (सगळं याच मशीनवर) लिहिलेला असतो. ते कोडमध्ये लिहू नका. कोडमधलं सेटिंग कमांडवरच्या सेटिंगला मागे टाकतं, त्यामुळे तुम्ही हौसेने क्लस्टरचा पत्ता दिलात तरी काम एकाच मशीनवर चालत राहतं. आयडीईत चालवताना जेव्हीएमला ‘स्पार्क डॉट मास्टर’ ही प्रॉपर्टी बाहेरून द्या.

मग फाइल वाचा. हेडरचा ऑप्शन ‘ट्रू’ करा आणि स्कीमा स्वतः लिहा. ‘इन्फर-स्कीमा’ सोयीचं दिसतं, पण त्यासाठी स्पार्क सगळी फाइल एकदा जास्तीची वाचतो आणि तरीही त्याचा अंदाज चुकू शकतो. तारखेच्या पॅटर्नमध्ये दिवस आणि महिना यांसाठी एकेकच अक्षर ठेवा, म्हणजे ०५ आणि ५ दोन्ही चालतात. दोन अक्षरं ठेवली तर एक आकडी तारखांवर गाडी अडते.

आता खऱ्या डेटातला त्रास. दराच्या कॉलमचा प्रकार डबल ठेवला आणि फाइलमध्ये कुठे १,२५० असं स्वल्पविरामासह लिहिलेलं असलं, तर स्पार्क तक्रार करत नाही. तिथे गुपचूप नल ठेवतो आणि पुढे जातो. वाचनाचा मूळ मोडच तसा सोशिक आहे. म्हणून वाचून झाल्यावर पहिलं काम म्हणजे प्रत्येक कॉलममध्ये नल किती आहेत ते मोजणं. हिशेब चुकलाच तर मोड बदलून ‘फेलफास्ट’ करा, मग पहिल्याच वाकड्या ओळीला प्रोग्राम थांबतो.

समजा प्रश्न असा आहे: प्रत्येक शेतमालाचा महिन्याचा सरासरी दर किती? ग्रुपबाय करून सर्वसाधारण दराचं ॲव्हरेज घ्यायचा मोह होईल. पण एका बाजारात १०,००० क्विंटल कांदा १,५०० रुपयांनी गेला आणि दुसऱ्या छोट्या बाजारात १०० क्विंटल २,५०० रुपयांनी, तर साधी सरासरी २,००० येते. शेतकऱ्याच्या हातात त्याच्या जवळपासही काही पडलेलं नसतं. आवकेचा भार धरला की दर साधारण १,५१० रुपये निघतो. म्हणून दोन बेरजा घ्या: आवक गुणिले दर यांची एक, नुसत्या आवकेची दुसरी. भागाकार सगळ्यात शेवटी.

हे गणित वितरित कामाच्या स्वभावालाही धरून आहे. प्रत्येक एक्झिक्युटर आपापल्या पार्टिशनमधल्या बेरजा आधी करून ठेवतो आणि शफलमध्ये फक्त त्या छोट्या बेरजा प्रवास करतात. बेरजांची बेरीज कुठल्याही क्रमाने केली तरी तीच येते. सरासऱ्यांची सरासरी तशी येत नाही. रिड्यूसमध्ये कोणी ‘दोन्हींची बेरीज भागिले दोन’ असं लिहिलं, तर एरर येत नाही, फक्त पार्टिशनची संख्या बदलली की उत्तर बदलतं. अशी चूक पकडायला फार अवघड असते.

भागाकाराआधी आवक शून्य असलेल्या ओळी गाळा. स्पार्क ३ मध्ये शून्याने भागलं की मूळ सेटिंगनुसार नल मिळायचा. ४.० मध्ये अन्सी मोड (एसक्यूएलच्या प्रमाणित नियमांप्रमाणे वागणं) मुळातच चालू असल्यामुळे तिथे काम थेट एरर देऊन थांबतं. मला ४.० ची पद्धत जास्त आवडते.

चालवताना एक गोष्ट जाणवेल. फिल्टर, सिलेक्ट, ग्रुपबाय या ओळी क्षणात पार होतात आणि सगळा वेळ ‘शो’वर जातो. आधीच्या ओळी नुसता आराखडा रचतात. शो, काउंट, राइट यांसारखी क्रिया मागितली की आराखडा तपासून, सुधारून मग काम वाटलं जातं. त्यामुळे फाइल वाचायच्या ओळीभोवती स्टॉपवॉच लावून काही कळत नाही, आणि फिल्टरमधल्या चुकीचा स्टॅक ट्रेस दहा ओळी खालच्या ‘शो’कडे बोट दाखवतो. दोन वेळा ‘काउंट’ म्हटलं तर सगळं काम दोनदा होतं. तोच निकाल पुन्हा लागणार असेल तरच कॅश करा.

ऑब्जेक्ट आणि अंतर

कॉलमवरच्या तयार फंक्शनांनी जमेल तितकं काम तिथेच उरका. स्पार्कचा ऑप्टिमायझर ती समजू शकतो. पार्के (डेटा कॉलमनिहाय साठवणारा प्रकार) फाइल असेल तर नको असलेले भाग वाचायचेही टाळतो. तुम्ही लँब्डा लिहिलात की त्याच्या आत काय आहे हे त्याला दिसत नाही.

तरी कधीतरी स्वतःचा क्लास लागतोच. ‘भावनोंद’ असा क्लास लिहा. त्याला पॅरामीटर नसलेला पब्लिक कन्स्ट्रक्टर हवा, प्रत्येक फील्डला गेटर-सेटर हवेत आणि फील्डची नावं कॉलमशी जुळायला हवीत. मग एन्कोडर्सच्या बीन मेथडने डेटासेट त्या प्रकारचा करता येतो. त्यावर मॅप चालवताना कंपायलर म्हणेल की कॉल संदिग्ध आहे, कारण स्कालासाठीचा मॅप आणि जावासाठीचा मॅप दोन्ही तुमच्या लँब्डाला चालतात. लँब्डाच्या आधी मॅपफंक्शनचं कास्ट लावा, वाद मिटतो.

इथून पुढे ती प्रसिद्ध एरर येते: ‘टास्क नॉट सीरियलायझेबल’. मॅपमधला लँब्डा ड्रायव्हरवर लिहिलेला असतो पण चालतो एक्झिक्युटरवर. म्हणजे तो बाइटमध्ये बांधून पाठवावा लागतो, आणि त्याने ज्याला हात लावलाय ते सगळं त्याच्याबरोबर जातं. लँब्डात तुम्ही क्लासचं ‘किमानदर’ हे एक फील्ड वापरलंत तर जावा नुसतं फील्ड उचलत नाही, पूर्ण ‘धिस’ उचलते. त्या ऑब्जेक्टमध्ये लॉगर, डेटाबेस कनेक्शन आणि स्पार्कसेशन सुखाने नांदत असतात. त्यांतलं एक जरी बांधता आलं नाही तरी पार्सल अडतं.

यावर इंटरनेटवरचा पहिला सल्ला असतो की क्लासला ‘सीरियलायझेबल’ लावा. त्याने कधी एरर जाते, पण मोठा ऑब्जेक्ट विनाकारण प्रत्येक टास्कबरोबर फिरू लागतो. त्याआधी फील्डची किंमत एका लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या आणि लँब्डात तेच वापरा. किंवा लॉजिक स्टॅटिक मेथडमध्ये न्या. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

एरर न देणारी चूक याहून वाईट. एक्झिक्युटरकडे जातं ते तुमच्या ऑब्जेक्टचं झेरॉक्स असतं. झेरॉक्सवर कितीही खुणा केल्या तरी मूळ कागद कोराच राहतो. वाकड्या ओळी मोजायला कोणी एका घराचा ॲरे किंवा ॲटॉमिक इंटिजर लँब्डाच्या बाहेर ठेवतं, आत तो वाढवतं आणि शेवटी ड्रायव्हरवर छापतं. क्लस्टरवर तिथे शून्य दिसतो. स्टॅटिक काउंटर तर जास्तच फसवतो. लोकल मोडमध्ये ड्रायव्हर आणि एक्झिक्युटर एकाच जेव्हीएममध्ये असल्यामुळे तो बरोबर आकडा दाखवतो, टेस्ट हिरव्या होतात आणि क्लस्टरवर तोच कोड गप्प शून्य देतो. सिंगलटनचंही तेच. ड्रायव्हरवर भरलेला कॉन्फिगरेशनचा सिंगलटन एक्झिक्युटरवर रिकामा असतो, कारण तिथे तो क्लास नव्याने लोड होतो.

मोजायला ॲक्युम्युलेटर आहेत. मात्र त्यांत वाढ ‘फॉरईच’सारख्या क्रियेत केली तरच प्रत्येक टास्कची नोंद एकदाच धरली जाईल अशी हमी आहे. मॅपमध्ये केली आणि टास्क पुन्हा चालला तर आकडा फुगतो. सगळ्यांना लागणारी छोटी यादी, उदाहरणार्थ बाजार समिती आणि जिल्हा यांची जोडी, ब्रॉडकास्ट व्हेरिएबलने पाठवा. डेटाबेस कनेक्शन पाठवता येत नाही. ते फॉरईच-पार्टिशनच्या आत, म्हणजे एक्झिक्युटरवरच उघडायचं, तो तुकडा लिहायचा आणि बंद करायचं. दर ओळीला कनेक्शन उघडणारा कोड डेटाबेसवाल्यांच्या लगेच लक्षात येतो आणि मग फोन येतो.

लॅपटॉपवरच दोन जेव्हीएम

म्हणून लोकल मोडवर समाधान मानू नका. स्पार्कच्या एसबिन फोल्डरमध्ये स्टार्ट-मास्टर आणि स्टार्ट-वर्कर या स्क्रिप्ट आहेत. मास्टर सुरू करा, ब्राउझरमध्ये ८०८० पोर्ट उघडा, वरती ‘स्पार्क’ने सुरू होणारा आणि ७०७७ वर संपणारा पत्ता दिसेल. तोच पत्ता देऊन वर्कर सुरू करा. आता एकाच लॅपटॉपवर ड्रायव्हर आणि एक्झिक्युटर वेगळ्या जेव्हीएममध्ये आहेत आणि वरच्या चुका घरीच उघड्या पडतात.

मेव्हनने जार बांधा आणि स्पार्क-सबमिटला तीन गोष्टी द्या: मास्टरचा पत्ता, मेन क्लासचं पूर्ण नाव आणि जार. एक्झिक्युटरला मुळात १ जीबी मेमरी मिळते, जास्त हवी तर ‘एक्झिक्युटर-मेमरी’ द्या. मॅपच्या आतलं प्रिंटलाइन टर्मिनलवर दिसणार नाही, ते एक्झिक्युटरच्या लॉगमध्ये जातं आणि ८०८१ वरच्या वर्करच्या पानावरून वाचता येतं.

‘इनिशियल जॉब हॅज नॉट ॲक्सेप्टेड एनी रिसोर्सेस’ हे वाक्य पुन्हा पुन्हा येत असेल तर वर्कर जोडलेलाच नाही किंवा तुम्ही त्याच्याकडे आहे त्यापेक्षा जास्त मेमरी मागितली आहे. दुसरा लॅपटॉप वर्कर म्हणून जोडला असेल तर फायरवॉल बघा. ड्रायव्हर एक्झिक्युटरशी बोलतो तसे एक्झिक्युटरही ड्रायव्हरशी उलट बोलतात, हे विसरलं जातं. आणि दुसरं मशीन आलं की फाइलचा पत्ताही प्रश्न होतो: तुमच्या होम फोल्डरमधली सीएसव्ही त्या मशीनला दिसत नाही. एचडीएफएस (हडूपची फाइल साठवण), एस३ (ॲमेझॉनची) किंवा दोन्हीकडे जोडलेलं नेटवर्क फोल्डर लागतं.

निकाल लिहिला की एका फाइलऐवजी फोल्डर मिळतं. आत ‘पार्ट’ने सुरू होणाऱ्या फाइली आणि ‘सक्सेस’ नावाची रिकामी फाइल असते. प्रत्येक पार्टिशनने आपापली फाइल लिहिलेली असते. एकच फाइल हवी म्हणून सगळं ‘कोअॅलेस’ने एका पार्टिशनमध्ये आणाल तर शेवटचं काम एका कोअरवर येतं. छोट्या अहवालाला ते ठीक. ‘कलेक्ट’ त्याहून जपून वापरा, तो सगळा डेटा ड्रायव्हरच्या मेमरीत ओढतो.

४०४० वरचं पान

काम चालू असताना ४०४० पोर्टवर स्पार्कचं पान उघडं असतं. तिथे स्टेजेस बघा. दोन स्टेजच्या मधली सीमा म्हणजे शफल. एका स्टेजमधले शंभर टास्क दोन सेकंदांत संपले आणि एक टास्क दहा मिनिटं रेंगाळला, तर एकाच किल्लीवर, म्हणजे ज्यावर गट किंवा जॉइन करतो त्या कॉलमच्या एकाच किमतीवर, डेटा साचला आहे. आपल्या उदाहरणात बेरजा आधीच पार्टिशनमध्ये होतात म्हणून हे जाणवत नाही. पण शेतमालाच्या नावावर दोन मोठे डेटासेट जॉइन केलेत की कांद्याचं पार्टिशन एकटं मागे राहू शकतं. एक बाजू छोटी असेल तर ब्रॉडकास्ट जॉइन करा, म्हणजे ती बाजू सगळ्या एक्झिक्युटरना पाठवा, शफलच टळतो. १० एमबीपर्यंतच्या टेबलला स्पार्क स्वतःहून ते करतो.

शफलनंतर २०० पार्टिशन हा मूळ आकडा आहे. पूर्वी छोट्या डेटावरही २०० चिमुकले टास्क धावायचे. ३.२ पासून अडॅप्टिव्ह एक्झिक्युशन (काम चालू असतानाच आराखडा बदलणं) मुळातच चालू असल्यामुळे लहान पार्टिशन आपोआप एकत्र होतात, तेव्हा या आकड्याशी सुरुवातीलाच खेळू नका.

प्रोग्राम संपला की ४०४० चं पानही जातं. नंतर बघायचं असेल तर इव्हेंट लॉगचं सेटिंग चालू करा, लॉगसाठी फोल्डर द्या आणि एसबिनमधून हिस्टरी सर्व्हर सुरू करा. तो १८०८० वर मिळतो, आणि रात्री अडकलेल्या कामाचा हिशेब सकाळी तिथे टास्कनिहाय वाचता येतो.